बाद पद्धतीत वाढलेला संघ

खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगा बारा वर्षांचा, बेळगावात शाळेला आहे, फॉरवर्ड खेळतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर भारत-सिंगापूर फुटबॉल मॅच होती, ती बघायला बापलेक अनमोड घाट उतरून गेले. भारत १-२ हरला आणि २०२७ च्या आशिया कपची वाट तिथंच बंद झाली. ते म्हणतात, "सर, १४० कोटींचा देश आणि साठ लाखांच्या सिंगापूरकडून घरात मार खातोय. चूक कोचची, प्लेअरांची की फेडरेशनची? आणि हे असंच चालणार असेल तर आमच्या पोरानं फुटबॉल खेळून करायचं काय ओ?"

मी बेळगावात शाळकरी पोरांना शिकवतो, त्यामुळं दुसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलता येईल. पण पहिल्याला बगल देऊन तिकडं जाता येत नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे.

आधी ती मॅच. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगटेनं बॉक्सच्या बाहेरून सुरेख गोल मारला. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, एक गोलची आघाडी. हाफटाइमला मिनिटभर राहिलेलं असताना सिंगापूरच्या सोंग उइ-यंगनं बरोबरी केली आणि ५८ व्या मिनिटाला दुसरा गोलही त्यानंच घातला. त्यानंतर आपल्याकडं अर्धा तास होता. तो गेला. सोंग हा मिडफिल्डर, स्ट्रायकर नव्हे, हे इथं महत्त्वाचं. टीव्हीवर आपण ज्याच्या पायात बॉल आहे त्यालाच बघतो. स्टँडमध्ये बसलं की बॉल नसलेले लोक दिसतात. मागून सुटून पुढं येणारा मिडफिल्डर धरायचा कुणी, स्टॉपरनं (बचावात मधे उभा असतो त्यानं) की आपल्या मिडफिल्डनं, हा निर्णय एका सेकंदात व्हावा लागतो. आपल्याकडं तो होत नाही. दोघंही दुसऱ्याकडं बघतात आणि तोवर शॉट सुटलेला असतो.

आपला जुना स्टॉपर झिंगन असता तर, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. पाच दिवस आधी सिंगापूरला त्याला दुसरं पिवळं कार्ड मिळालं म्हणून तो फातोर्ड्याला नव्हता. त्या मॅचला दहा जणांत खेळून रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला बरोबरी करून दिली, एवढा एक गुण आपण तिथून आणला. झिंगन असता तर कदाचित एक गोल वाचला असता, हे मीही मान्य करतो. पण तिशी ओलांडलेल्या एका स्टॉपरच्या सस्पेन्शनवर सगळा आशिया कप अडत असेल, तर दुखणं त्या कार्डाच्या फार आधीचं आहे.

आणि फातोर्ड्यात फक्त हिशेब पूर्ण झाला. पात्रतेच्या गटात चार संघ होते, पहिला येईल तोच आशिया कपला. मार्चला शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगला ०-१, तोही इंज्युरी टाइममधल्या पेनल्टीवर. मग सिंगापूरशी एक बरोबरी, एक हार. चार मॅच, दोन गुण आणि सगळे मिळून दोन गोल. सिंगापूर आणि हाँगकाँग दोघंही आठ गुणांवर पोहोचले होते आणि त्यांची आपसातली मॅच व्हायची होती. आपण उरलेल्या दोन्ही जिंकलो असतो तरी आठावरच थांबलो असतो. पुढं नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडूनही ०-१ हरलो. २००३ नंतर बांगलादेशनं आपल्याला पहिल्यांदा हरवलं. त्याच दिवशी सिंगापूरनं हाँगकाँगला २-१ हरवून आशिया कप गाठला. त्याआधी ते १९८४ ला एकदाच तिथं खेळले होते, तेही यजमान होते म्हणून.

ह्याच हाँगकाँगला जून २०२२ मध्ये कोलकात्यात आपण ४-० नं हरवलं होतं. तीन वर्षांत ते कुठं गेले आणि आपण कुठं आलो!

ज्यांना फातोर्डा म्हणजे अपघात वाटतो त्यांनी त्याआधीचा आशिया कप आठवावा, जानेवारी २०२४ चा, कतारमधला. गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया. ऑस्ट्रेलियाला हाफटाइमपर्यंत ०-० वर रोखलं, शेवटी ०-२. उझबेकिस्ताननं चौथ्याच मिनिटाला पहिला गोल घातला आणि हाफटाइमच्या आतच तीन करून ठेवले. उरली सीरिया. तिसऱ्या क्रमांकाच्या सहापैकी चार संघांना पुढं जागा होती, त्यामुळं ती मॅच जिंकली असती तर आशा होती. ७६ व्या मिनिटाला उमर ख्रिबिननं गोल केला, ०-१, आणि सीरिया त्याच वाटेनं पुढं गेली. आपण तीन मॅच खेळलो, गुण शून्य आणि गोलही शून्य. पाच वर्षं आधी, २०१९ ला, थायलंडला ४-१ हरवून आपण स्पर्धेची सुरुवात केली होती. तेव्हाही गटातून बाहेरच पडलो, पण गोल तरी होत होते. २०२३ च्या जुलैत फिफाच्या जागतिक क्रमवारीत ९९ वर आलो म्हणून पेढे वाटले. २०२४ च्या फेब्रुवारीत ११७ वर घसरलो.

आता कोचची चूक. २०१९ च्या आशिया कपनंतर तेव्हाचे कोच कॉन्स्टंटाइन गेले. स्टिमाच आले, पाच वर्षं राहिले, वर्ल्ड कप पात्रतेत घसरल्यावर जून २०२४ ला त्यांना काढलं. मनोलो मार्केझ आले. एकीकडं एफसी गोवा, दुसरीकडं देशाचा संघ. आठ मॅचमध्ये एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. ऑगस्ट २०२५ पासून खालिद जमील. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ ला आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकून देणारा माणूस, आल्या आल्या मध्य आशियातल्या स्पर्धेत ताजिकिस्तानला हरवून, ओमानला पेनल्टी शूटआउटवर हरवून तिसरा क्रमांक घेऊन आला. महिन्याभरात सिंगापूरनं जमिनीवर आणलं. चार कोच झाले. तिघं परदेशी, एक आपला. एकाला बॉल पायात ठेवून खेळायचं, दुसऱ्याला लांब मारून. गोलचा दुष्काळ कॉन्स्टंटाइननंतरच्या तिघांच्याही वेळी तोच. मग कोच बदलून पाऊस पडेल असं मानायचं कशाला?

गोलांचा प्रश्न मात्र खराखुरा आहे आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२४ ला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून आपण १-२ हरलो. आपला एकमेव गोल छेत्रीचा, पेनल्टीवर, वय ३९. जूनला तो निवृत्त झाला. मार्च २०२५ ला त्याला चाळिसाव्या वर्षी परत बोलवावं लागलं आणि आल्या मॅचला त्यानं मालदीवविरुद्ध गोल केला, देशाकडून पंचाण्णवावा. छेत्रीचं कौतुक कितीही केलं तरी थोडंच. पण त्याच्यामागून कुणी का आलं नाही, हे विचारताना आयएसएल ह्या आपल्या वरच्या लीगमधल्या कुठल्याही संघाची नऊ नंबरची, म्हणजे पुढं मधे उभा राहून गोल करणाऱ्याची जर्सी बघा. बहुतेक ठिकाणी विदेशी. मैदानावर चार विदेशी चालतात आणि मालकाला मॅच जिंकायची असते. तो गोल करणारा माणूस बाहेरून आणणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मग आपला फॉरवर्ड जातो विंगला, म्हणजे कडेला. मनवीर सिंग मोहन बागानला उजव्या बाजूनं पळतो आणि देशाकडून खेळताना अचानक मधे उभा राहून गोल करायची अपेक्षा. वर्षभर जी जागा खेळलीच नाही, तिथली नजर कुठून येणार?

त्यात २०२५ ला लीगच लटकली. फेडरेशन आणि आयएसएल चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आलेला, नव्या कराराचा पत्ता नाही, म्हणून जुलैत सीझन थांबवला. आधीच्या सीझनची फायनल १२ एप्रिलला झाली होती. म्हणजे फातोर्ड्यात उतरलेली बरीच पोरं सहा महिने लीगची मॅच न खेळता उतरली होती. नुसत्या कॅम्पमध्ये सराव करून मॅचचा दम येत नाही. फेडरेशनची चूक कुठं म्हणाल तर इथं, अगदी ठळक.

पण समजा लीग वेळेवर झाली असती, नऊ नंबरला भारतीय सक्तीचा केला असता आणि झिंगनही असता. तरी फार तर सिंगापूरशी बरोबरी झाली असती, असं माझं मत आहे. कारण जे कमी पडतं ते पंचविसाव्या वर्षी शिकवता येत नाही.

जूनच्या हाँगकाँग मॅचमधला पहिल्या हाफचा एक क्षण घ्या. आपल्या लिस्टननं डावीकडून बॉल मागं काढून दिला, आशिक समोर मोकळा, आणि बॉल बाहेर. लोकांनी आशिकला शिव्या घातल्या. मला त्याच्यावर राग धरवत नाही. तो पळून पळून जीव देणारा खेळाडू आहे. असा मागं काढलेला बॉल एका टचमध्ये, पाय जमिनीजवळ ठेवून, कोपऱ्यात सरकवायला ताकद लागत नाही. हे कधीतरी शेकडो वेळा, खऱ्या मॅचमध्ये, अंगावर डिफेंडर येत असताना केलेलं असावं लागतं. बाराव्या, तेराव्या वर्षी. तेव्हा चुकलं तर पुढच्या शनिवारी परत संधी असावी लागते. आपल्याकडं पुढचा शनिवारच नसतो.

म्हणजे काय, ते आपल्याच मैदानांवर बघा. बेळगावचा फुटबॉल पावसाळ्यातला. जुलै-ऑगस्टमध्ये लेले ग्राउंडवर तांबड्या चिखलात शाळांच्या टूर्नामेंट लागतात, पोरांचे मोजे परत कधी पांढरे होत नाहीत. आई-बाप छत्र्या घेऊन कडेला. मैदानावर एकच कालवा: एक "दे रे" ओरडतो, दुसरा कन्नडमध्ये "कोडो", तिसरा हिंदीत "छोड, छोड", आणि सगळ्यांना सगळं कळतं. वातावरण म्हणाल तर तोड नाही. पण ही सगळी टूर्नामेंट बाद पद्धतीची. सोळा शाळा आल्या तर एकूण पंधरा मॅच, आणि त्यातल्या आठ शाळा पहिल्याच मॅचला हरून घरी. त्यांची स्पर्धा चाळीस मिनिटांत आटोपते. मग शालेय खात्याची तालुका पातळी, तीही बाद पद्धतीची. तिथं हरलं की झालं. एखाद्या चांगल्या पोराचा अख्ख्या वर्षाचा खरा फुटबॉल बोटावर मोजण्याइतक्या मॅचमध्ये संपतो. बाकीचे दिवस "प्रॅक्टिस". त्याच सोळा शाळांचे आठ-आठचे दोन गट करून साखळी खेळवली तर प्रत्येकीला किमान सात मॅच मिळतात, एकूण छप्पन्न. मैदान तेच लागतं. रेफ्री, पाणी आणि शनिवार तेवढे जास्त लागतात.

आखाड्यात वर्षातून दोनदा कुस्ती धरून कुणी मल्ल झालेला मी बघितला नाही. फुटबॉलमध्ये मात्र आपण तशीच अपेक्षा धरून बसतो.

मॅचची संख्या तर झालीच, पण बाद पद्धत कोचलाही बिघडवते, हे बाहेरच्यांना दिसत नाही. हरलं की घरी, म्हणून कोच धोका पत्करत नाही. आठवीतला सगळ्यात दांडगा पोरगा मधे स्टॉपर, दुसरा दांडगा पुढं, आणि मधल्या सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल. गोलकीपरला सांगितलेलं असतं, "घे आणि हाण". बारीक, हुशार, बॉल पायात ठेवणारा पोरगा बेंचवर, कारण त्याच्या एका चुकीनं गोल झाला तर मुख्याध्यापक विचारणार. मग वयाची भानगड. बारा वर्षांखालच्या मॅचला एकाच्या ओठावर चक्क मिसरूड. विचारलं तर जन्मदाखला खिशात तयार. जिंकलेली शाळा ट्रॉफीबरोबर फोटो काढते, पेपरात येतं, सगळे खूश. चार वर्षांनी तो दांडगा पोरगा बाकीच्यांएवढाच दिसायला लागतो आणि खेळातून गायब होतो. बारीक पोरानं तोवर ट्युशन लावलेली असते.

हेच पोरगं पुढं मोठ्या मॅचला कसं दिसतं? बॉल त्याच्याकडं येतोय. तो बॉलकडं बघतोय. फक्त बॉलकडं. पाठीमागं कोण आहे, डावीकडं किती जागा आहे, हे त्याला बॉल पायात आल्यावर कळतं आणि तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. मग एक टच जास्त, मग मागं पास, मग कीपरकडून लांब किक. सिंगापूरच्या पोरांनी बॉल यायच्या आधी मान वळवून बघितलेलं असतं. एवढाच फरक. मी सरावात ह्यासाठी एक साधी गोष्ट करून घेतो. दोन दप्तरं ठेवून गेट करायचं, पोरगा गेटकडं पाठ करून उभा, समोरून जोडीदार पास देतो. पास सुटला की मी त्याच्या मागं बोटं वर करतो, दोन, चार, कितीही. बॉलला पाय लागायच्या आत त्यानं मान वळवून आकडा ओरडायचा आणि एका टचमध्ये वळून गेटमधून बॉल काढायचा. सुरुवातीला सगळे बॉल घालवतात, हसतात. मग हळूहळू मान आपोआप वळायला लागते. पण ही सवय टिकते ती मॅचमध्ये. मॅचच नसेल तर महिन्याभरात मान परत ताठ.

उझबेकिस्तानचं उदाहरण मी पोरांच्या बापांना नेहमी देतो. लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या कर्नाटकाच्या निम्म्याहून थोडी जास्त. २०२३ ला त्यांनी वीस वर्षांखालचा आशिया कप जिंकला. त्या पिढीतला फैझुल्लायेव, त्यानंच दहा महिन्यांनी कतारमध्ये आपल्यावर चौथ्या मिनिटाला गोल केला. २०२५ ला सतरा वर्षांखालचाही कप त्यांचाच, आणि त्याच वर्षी २०२६ च्या वर्ल्ड कपची जागा पहिल्यांदा मिळवली. मोठ्या संघाआधी खालचे संघ जिंकायला लागले, हा क्रम बघा. आपण कायम वरचं टोक धरून झाड हलवतोय.

एक आवडतं उत्तर असतं: आपल्याकडं पॅशन नाही, सगळं क्रिकेट खातंय. ज्यानं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा ह्या तालमींची मॅच बघितली नाही, त्यानंच असं बोलावं. गडहिंग्लजला दिवाळीत मैदान भरून माणसं बसतात, आपली बेळगावची पोरं तिथं खेळायला जातात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. बेळगावात लष्कर आणि कॅम्पामुळं पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल आहे. आपल्या राज्यानं मार्च २०२३ ला रियाधमध्ये मेघालयला ३-२ हरवून संतोष ट्रॉफी आणली, ५४ वर्षांनी. वेड भरपूर आहे. १४० कोटी मात्र नाहीत. १४० कोटी हा आकडा मतदार यादीला ठीक. फुटबॉलला विचारायचं ते वेगळं: तुमच्या तालुक्यात बारा वर्षांची किती पोरं वर्षाला वीस-पंचवीस मॅच खेळतात? खानापुरात असं एखादं तरी सापडलं तर मला कळवा.

परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंबद्दलही थोडक्यात. सोंग स्वतः कोरियात जन्मलेला, २०२१ ला सिंगापूरचा नागरिक झाला. हाँगकाँगच्या संघातही बाहेरून आलेले बरेच. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही, देशाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागतो. बंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सनं २०२५ ला ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. अशी माणसं आली तर माझी काही तक्रार नाही, यावीत. पण आपल्या पोरानं त्यात अडकू नये. ते दिल्लीचं काम.

आता तुमचा मुलगा.

बारा वर्षांच्या पोराला "फॉरवर्ड" म्हणून पक्कं करू नका. वर्षभर त्याला मधे, बॅकला, कधी कधी कीपरही खेळू दे. बचावात उभं राहिलेल्या पोराला फॉरवर्ड कुठं लपतो ते कळतं, आणि पुढं गोल करताना तेच कामाला येतं. घरी पाच नंबरचा बॉल असेल तर बदला. त्याच्या वयाला चार नंबर. ह्या वयात अकरा-अकराच्या पूर्ण मैदानापेक्षा नऊ-नऊ, सात-सात चांगलं, कारण बॉल जास्त वेळा पायात येतो आणि लपायला जागा नसते. बेळगावात आता गल्लोगल्ली टर्फ झालेत. पाच-पाचची मॅच तिथं खेळायला हरकत नाही, उलट पायाला आणि नजरेला फायदाच. फक्त रोज टर्फ नको, गुडघ्यांवर येतं. आठवड्यातून निदान दोनदा मातीवर किंवा गवतावर.

अकादमी निवडताना भिंतीवरचे फोटो आणि किटचा रंग बघू नका. दोनच गोष्टी विचारा. गेल्या वर्षी तुमच्या ह्या वयोगटातल्या प्रत्येक पोरानं, बेंचवरच्यानंसुद्धा, किती मॅच खेळल्या? आणि पोरांना शिकवणाऱ्या कोचकडं किमान डी लायसन्स (कोचिंगचा सुरुवातीचा परवाना) आहे का? पहिल्या प्रश्नावर समोरचा आकड्याऐवजी ट्रॉफ्यांबद्दल बोलायला लागला तर चहा पिऊन उठा. "स्पेनला ट्रायल, पोर्तुगालला ट्रायल, आधी एवढे लाख भरा" असं कुणी म्हणालं तर चहाही नको. ज्या क्लबला तुमचा पोरगा खरंच हवा असतो, तो ट्रायलचे पैसे मागत नाही.

जन्मदाखला खराच ठेवा. कुणीतरी सांगेल, दीड वर्ष कमी करा, सिलेक्शन होतंय. फेडरेशनच्या नोंदणीत एकदा तारीख गेली की ती आयुष्यभर मानगुटीवर बसते, आणि पुढं हाडाच्या टेस्टमध्ये पकडला तर सगळंच गेलं.

गोव्याला पाठवायचं का? हा प्रश्न आपल्या भागात प्रत्येक फुटबॉलवेडा बाप विचारतो, आणि साहजिक आहे. बंगळूर पाचशे किलोमीटर, मडगाव घाट उतरलं की आलं. गोव्यात वयोगटांच्या लीग आहेत, क्लबांना त्याची सवय आहे, हे खरं. पण बाराव्या वर्षी घर सोडायला माझा विरोध आहे. चौदा-पंधरापर्यंत इथंच राहू दे. तोवर महिन्यातून एक शनिवार-रविवार तिकडच्या एखाद्या संघाबरोबर फ्रेंडली खेळता आली तर बघा. तिथले कोच नाही म्हणत नाहीत, त्यांनाही नवा प्रतिस्पर्धी हवा असतो. लोंढ्याहून रेल्वे आहेच. शाळा सोडू नका. दहावीचे मार्क आणि फुटबॉल ह्यांत भांडण असतं हे आपण ठरवलंय, पोरांनी नाही.

तो देशाकडून खेळेल का, ह्याचं उत्तर मी देणार नाही. बारा वर्षांच्या पोराबद्दल जो देतो त्याच्यापासून जरा लांब राहा. कॉलेज, युनिव्हर्सिटी, खात्यांचे संघ, सैन्य, पुढं कोचिंग, रेफ्रीशिप: ह्या खेळानं आपल्या भागातल्या पुष्कळांना भाकरी दिलेली आहे. तेवढं पुरेसं कारण आहे.

आणि एक काम तुमच्यासाठी. खानापुरात चार शाळा जमवा, चारच. दुहेरी साखळी लावली तर प्रत्येक शाळेला सहा मॅच, एकूण बारा. दर शनिवारी दुपारी दोन मॅच, सहा आठवड्यांत सगळं आटोपतं. फायनल नको, ट्रॉफी नको, पहिला-दुसरा कागदावर लिहून ठेवा. नियम एकच: टीममधल्या प्रत्येक पोरानं किमान एक हाफ खेळलाच पाहिजे. पावसाळ्यात तिकडं मैदानं चालत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून दिवाळीनंतर धरा, भातकापणी आणि मळणी उरकल्यावर. गोलपोस्ट नसतील तर बांबू चालतील, जाळी मी घेऊन येतो. पहिल्या शनिवारी रेफ्रीही मीच उभा राहीन. फक्त वेळापत्रक दोन आठवडे आधी कळवा.